मकसूदने न मारलेलं औषध

आमच्या सांगवीत मकसूद नदाफ ज्याच्या रानात पंप घेऊन शिरला नाही असा शेतकरी सापडायचा नाही. पंचवीस वर्षं तो फवारणीची कामं करतोय. आधी पाठीवरचा हाताने दांडा मारायचा पंप, मग बॅटरीचा, मग लांब पाइपवाला पेट्रोलचा. त्याचा बाप बारामतीत गाद्यांचा कापूस पिंजायचा. तयार गाद्या दुकानात आल्या आणि बापाचा धंदा बसला, तेव्हा पोराने गावाकडे येऊन पंप उचलला. अंगाने शिडशिडीत, तोंडाला कायम एक जुना पंचा गुंडाळलेला, आणि बोलणं कमी. मी कारखान्यात चिटबॉय होतो. म्हणजे कुणाचा ऊस किती, कधी लावला, कधी तोडायचा, हे रानोरान फिरून टिपणारा माणूस. तीस वर्षं ते काम केलं आणि आता निवृत्त होऊन स्वतःचा दोन एकर ऊस सांभाळत लोकांना नावं ठेवतो. मकसूदलाही मी पुष्कळ नावं ठेवली आहेत, हे आधीच सांगून टाकतो.

त्याला एक खोड आहे. चालता चालता दिसेल ते पान उलटून बघायचं. मयतीला निघालेला असला तरी वाटेतल्या उसाचं पान उलटणार, खालची बाजू बघणार, मग पुढे जाणार. एकदा मी चिडून म्हणालो, "अरं, मेलेला माणूस थांबलाय तिकडं." तर म्हणतो, "त्यो थांबंल तात्या. ह्ये थांबत न्हाय."

पूर्वी त्याच्या डोक्यात किडींचं पंचांग असायचं. कुठल्या नक्षत्रात कुठल्या पिकावर काय पडणार हे तो महिनाभर आधी सांगायचा आणि तसंच व्हायचं. वर्षातले पाच महिने काम, उरलेले सात महिने ऊसतोड, विटा, मिळेल ते. गेल्या दहा वर्षांत हे पंचांग पार बिघडलं. थंडी दिवाळीनंतरही येत नाही, आणि आली तर हरभरा फुलात असताना मध्येच ढग भरतात. मक्यावर नवीच लष्करी अळी आली, ती बाराही महिने मुक्कामाला. मकसूदला वर्षातले दहा महिने काम मिळायला लागलं. धंदा दुपटीने वाढल्यावर कुणीही खूश झालं असतं. हा मात्र दिवसेंदिवस गप्प होत गेला. मी विचारलं तर म्हणाला, "तात्या, पूर्वी एकदा मारलं की काम हुयाचं. आता तीनदा मारतो आन् तरी ती हितंच. ह्यात खूश काय व्हायचं?"

मग तो मे महिना आला. मे कसला, आषाढच तो. ऊन म्हणून पडलंच नाही. भर उन्हाळ्यात ओढे वाहिले, नीरेला पाणी आलं, लोक म्हणाले, बरं झालं, विहिरी भरल्या. मीही म्हणालो. फक्त मकसूद म्हणाला, "मावा ह्या साली मरणार न्हाय."

तो लोकरी माव्याबद्दल बोलत होता. उसाच्या पानाखाली बसणारी इवलीशी कीड, अंगावर पांढरी लोकर. हजारोंनी बसली की पानाच्या मागे कापूस चिकटवल्यासारखं दिसतं. ती रस पिते, तिच्या अंगातून गोड चिकटा गळतो, खालच्या पानांवर पडतो, त्याच्यावर काळी बुरशी चढते आणि ऊस काजळी लागल्यासारखा काळा पडतो. एरवी एप्रिल-मेच्या बेचाळीस डिग्रीत ही कीड भाजून निघायची. थोडीफार कुठे सावलीत उरायची, तेवढीच. त्या साली तिला भाजायला कुणी नव्हतं. पोळ्याच्या सुमाराला गावातल्या निम्म्या उसात पांढरं दिसायला लागलं.

दगडाबाईच्या रानात ते सगळ्यात जास्त दिसलं.

दगडाबाई म्हणजे भीमाची बायको. भीमा जाऊन अकरा वर्षं झाली. मूलबाळ नाही. दीड एकर रान, त्यात आडसाली ऊस, दोन म्हशी, आणि शेजारच्या बांधाला पुतण्या युवराज. बाई साठीच्या पुढची, पण रानात स्वतः उभी राहते. तो दीड एकर ऊस हेच तिचं सगळं. वर्ष-दीड वर्ष वाढवलेला, दहा फुटांवर गेलेला, नोव्हेंबरात तुटायचा. तो गेला तर तिला आधार नव्हता, आणि पुतण्याच्या दारात ती जाणारी नव्हती. तिने मकसूदला बोलावून घेतलं. मी त्या दिवशी तिथेच बांधावर होतो, सल्ले द्यायला.

मकसूद उसात शिरला. अर्ध्या तासाने बाहेर आला तेव्हा त्याच्या सदऱ्यावर, भुवयांवर पांढरी लोकर होती. बापाच्या कापूस पिंजायच्या धनुकलीखालनं उठून आल्यासारखा दिसत होता.

"काकू, मी हितं औषध मारणार न्हाय," तो म्हणाला.

दगडाबाईला वाटलं, त्याला वेळ नाही. ती म्हणाली, "मंग कवा येतूस?"

"येणार न्हाय म्हंजी मारणारच न्हाय. मला एक महिना द्या. दुसऱ्या कुनाकडनंबी मारून घिऊ नका."

त्याचं म्हणणं असं होतं. हा मावा खाणारी एक अळी असते. करड्या रंगाची, माव्याच्या लोकरीतच जाळं विणून आत राहते आणि रोज त्याला खाते. माव्याला ऊन लागलं नाही म्हणून तो जगला. मग त्याला खाणारी अळीही कुठेतरी जगली असणार. ती आणून सोडायची.

मी हसलो. खोटं कशाला सांगू, मोठ्यानेच हसलो. ती अळी मला माहीत होती. बावीस-तेवीस वर्षांपूर्वी हा मावा पहिल्यांदा आला तेव्हा आम्ही कारखान्याची माणसं गावोगाव हीच अळी वाटत फिरलो होतो. पण मी म्हणालो, "मकसूद, तवाचं हवामान येगळं हुतं. आता मावा धा दिसांत दुप्पट हुतोय. तुझी अळी त्येच्या मागं पळता पळता दमंल. आन् सांगवीत हाय कुठं ती? गावानं तर तीन फवारण्या मारल्यात."

"हितं न्हाय, म्हाईताय. हुडकतो," तो म्हणाला.

दगडाबाई दोघांकडे बघत होती. मग तिने एकच विचारलं, "आनून सोडायची म्हंजी? इरजण लावल्यागत?"

"व्हय काकू. तसंच."

"मंग आन की," ती म्हणाली. एवढ्यावर तिने महिना दिला. मला आजही नवल वाटतं.

मकसूदची बायको मुनिरा पळसदेवची. उजनी धरणाच्या फुगवट्याकडेला तिच्या भावाचा ऊस आहे. पाण्याकाठची हवा, तिथे मावा वर्षभर थोडाफार असतोच आणि भाऊ आळशी असल्यामुळे औषध मारत नाही. हे मुनिरानेच सांगितलं. मकसूद मोटरसायकल काढून पन्नास-पंचावन्न किलोमीटर गेला, दिवसभर मेव्हण्याच्या उसात पानं उलटत बसला आणि अळ्यांची पानं ओल्या पोत्यात गुंडाळून संध्याकाळच्या आत परत आला. मेव्हणा म्हणत होता, कोंबडी कापतो, जेवून जा. हा थांबला नाही, अळ्या गुदमरतील म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ती पानं दगडाबाईच्या उसात जागोजाग दोऱ्याने बांधली. असं तो तीनदा गेला आणि आला. त्या आठवड्यातली बाकीची कामं त्याने सोडली.

पहिले दहा-बारा दिवस काहीच झालं नाही. झालं ते वाईटच. ढगाळ हवा हटेना आणि दगडाबाईच्या उसाची खालची पानं काळी पडली. मी माझ्या उसाला दोनदा औषध मारलं होतं, माझा हिरवागार. येणारा-जाणारा माझं बघायचा, तिचं बघायचा आणि चुकचुकायचा. युवराज चांगला पोरगा आहे, चुलतीवर त्याचा जीव आहे, म्हणून तर त्याला ते बघवेना. माव्याला खाणारी अळी त्याने कधी पाहिली नव्हती. पंधराव्या दिवशी तो तिच्या उसात शिरला आणि धावतच बाहेर आला. "काकी! मावा ऱ्हायला बाजूला, आता अळीबी पडली! जाळ्या करून बसलीया पानापानाला!"

त्याने तिथल्या तिथे फोन काढून ड्रोन बुक केला. चुलतीला विचारलंही नाही.

ड्रोन आला दुसऱ्या दिवशी सकाळी आठला. चालवणारी होती रुक्सार. मकसूदची मुलगी. बचत गटातून तिने ड्रोनचं शिक्षण घेतलं आणि आता पंचक्रोशीत ऊस डोक्याच्या वर गेला की तिलाच बोलावतात, कारण त्यात पंप घेऊन शिरणं माणसाला फार जड जातं. बुकिंग युवराजच्या नावावर होतं, त्यामुळे तिला वाटलं त्याचंच रान. गाडीतून ड्रोन उतरवला आणि बघते तर बांधावर बाप बसलेला.

मी, युवराज, दगडाबाई, सगळे तिथेच. मला वाटलं, आता बाप-लेकीची जुंपणार. मकसूद उठला आणि सवयीने तिच्या बॅटऱ्या सावलीला नेऊन ठेवल्या.

"अब्बा, ह्ये आजीचं रान हाय व्हय? मला काय म्हाईत."

"तुझं काम तू कर. मी तुला आडवणार न्हाय," तो म्हणाला. "फकस्त चा होऊस्तोवर थांब."

दगडाबाईने चुलीवर चहा ठेवला. मकसूदने उसात जाऊन एक पान तोडून आणलं, हाताएवढा तुकडा कापला आणि काचेच्या ग्लासात उभा ठेवला. युवराजला म्हणाला, "ही बग तुझी अळी." आम्ही सगळे ग्लासावर वाकलो. दगडाबाईला दिसेना, म्हणून रुक्सारने मोबाइलचा कॅमेरा लावून मोठं करून तिच्यासमोर धरलं.

आधी नुसतीच लोकर आणि जाळं. मग जाळ्याच्या तोंडातून एक डोकं बाहेर आलं. इकडेतिकडे फिरलं. शेजारचा एक मावा धरला. तो पाय झाडत होता तोवर तो आत ओढला गेला. थोड्या वेळाने डोकं पुन्हा बाहेर, पुन्हा एक. चहा गार झाला तरी कुणी कप उचलला नाही.

"आयला," युवराज म्हणाला, "ही तर त्येलाच खातीया."

पण तो हुशार आहे, लगेच गप्प बसणारा नाही. म्हणाला, "चाचा, खातीया ह्ये दिसलं. पर एवढ्याशा अळीनं दीड एकर कवा हुणार? तवर ऊस ऱ्हाणार हाय का? आन् न्हाय ऱ्हायला तर काकीनं काय करायचं?"

हा प्रश्न बरोबर होता. माझाही तोच होता. मकसूदने ग्लास बाजूला सारला. मग दगडाबाईकडे न बघता बोलायला लागला.

"काकू, पहिल्यांदा मावा आला हुता तवा भीमातात्यांच्या ह्याच रानात कारखान्यानं ही अळी सोडली हुती. मला म्हाईत नव्हतं. मी नवा हुतो. औषध मारायला आलो, अळी दिसली, म्हटलं ही नवीच कीड दिसतीया. म्हणून दुप्पट डोस मारला. दाखवायचं हुतं, मकसूदचं काम कसं आस्तं ते. सगळी मेली. मग मावा असा उठला का तुमचा समदा ऊस गुरांस्नी घालावा लागला. त्यो मावा न्हाय काकू, मी केलं त्ये. भीमातात्यांस्नी सांगायचं धाडस झालं न्हाय. आन् पुढं ते गेलेच."

त्या वेळी रानात अळीची पानं बांधणारा माणूस मीच होतो. मेलेल्या अळ्या तळहातावर घेऊन मीच त्याला दाखवल्या होत्या, आणि त्या दिवशी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण एवढी वर्षं तो हे उरावर घेऊन फिरतोय हे मला ठाऊक नव्हतं. माझीच मला लाज वाटली.

दगडाबाईने चहाचा कप त्याच्या हातात दिला.

"मालकास्नी ठावं हुतं," ती म्हणाली. "ह्या तात्यांनीच सांगितलं हुतं त्येंना. मला म्हणले, पोराला कायबी बोलू नगं. भ्यालं तर पुन्ना कुनाच्या रानात पाय ठिवायचं न्हाय, आन् काम शिकायचं ऱ्हाऊन जाईल."

मकसूदने कप खाली ठेवला आणि पंचा तोंडावर ओढून घेतला. मग दगडाबाई रुक्सारकडे वळली आणि म्हणाली, "पोरी, तुझं इमान गाडीत भर. रान माजं हाय, माजा महिना आजून सरला न्हाय."

युवराजने फोन खिशात टाकला. रुक्सारने ड्रोनची पाती मिटली. जाताना बापाला म्हणाली, "अब्बा, ही अळी मला वळखाय शिकवा. मी वरनं मारती, मला खालचं काय दिसतंय?"

त्यानंतरचे दिवस मकसूदला फार जड गेले. आधी गाव हसत होतं, आता गाव बघत होतं, आणि हसण्यापेक्षा ते वाईट. मध्ये दोन दिवस पावसाची झोड आली, मग पुन्हा ढग. तो रोज त्या रानाकडे जायचा, पण बांधावरून परत फिरायचा. मुनिरा माझ्या घरी येऊन सांगून गेली, "तात्या, त्येंना जरा समजवा. अर्धी भाकरी ताटात ऱ्हातीया. रुक्सारच्या परिक्षेच्या येळंलाबी एवढं घाबरलं न्हवतं." मी काय समजावणार? माझ्या स्वतःच्या उसात पानाखाली पुन्हा पांढरं दिसायला लागलं होतं. दोन फवारण्या झाल्या, खर्च झाला आणि मावा परत हजर. पण ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

महिना भरला त्या दिवशी सकाळी दगडाबाईने आम्हा दोघांना बोलावलं. वरून ऊस तसाच काळपट दिसत होता. मकसूद बांधावर उभा राहिला आणि म्हणाला, "काकू, तुमीच जाऊन बगा. माझं पाय उचलंना." इतक्या वर्षांत मी त्याला असा कधी पाहिला नव्हता.

बाई पदर खोचून सरीत शिरली. वाळलेल्या पाचटावर तिच्या पावलांची खसखस ऐकू येत होती. मग तीही ऐकू येईना. दीड एकराला काय वेळ लागतो, पण तो वेळ जाता जाईना. मकसूद उकिडवा बसला. मी तपकिरीची डबी उघडली आणि तपकीर न ओढताच मिटली.

ती दुसऱ्या टोकाने बाहेर पडली आणि बांधावरून चालत आली. केसांत पाचटाचा भुगा, हातात दोन पानं. एक आमच्यासमोर उलटं धरलं. नुसतं विणलेलं जाळं, त्यात लोकरीच्या चार चिंध्या. मावा नाही. वरचं नवं पान कोवळं हिरवं, कोरडं, स्वच्छ.

"समदीकडं आसंच हाय," ती म्हणाली. "कडंच्या चार सऱ्यांत थोडा हाय, त्येच्यावरबी ह्या बसल्यात. काळं पडलेलं खालचं पान जाईल, पर शेंडा लई ग्वाड आलाय. ऊस ऱ्हायला रं मकसूद."

मकसूदने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मोठा माणूस हुंदके देतो तेव्हा बघणाऱ्याने दुसरीकडे बघायचं असतं. मी बघितलं नाही, डबी पुन्हा उघडली आणि या वेळी तपकीर ओढली. पावसानेही थोडा मावा धुतला असेल, कृषी खात्याचा माणूस नंतर तसं म्हणालाही. म्हणू दे. शेजारच्या रानांवरही तोच पाऊस पडला होता.

मला खरं तर तिथून निघून जायचं होतं. पण घरी दोन एकर पांढरा होत होता, तेव्हा मान खाली घालून म्हणालो, "दगडाबाई, मला दोन पोती पानं पायजेत."

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुमी हसला हुता, तात्या."

"हसलो हुतो."

"लई मोठ्यानं हसला हुता."

"व्हय."

"बरं," ती म्हणाली. "आधी बसा, भाकरी खाऊन घ्या. मग मकसूद काढून दील. बांधायची कशी त्ये तुमाला ठावंच हाय."

युवराजही पोतं घेऊन आला होता, पण मला बघून लाजून विहिरीपाशीच थांबला. तिने त्यालाही हाक मारली. चौघांनी बांधावर बसून भाकरी, मिरचीचा ठेचा आणि म्हशीचं दही खाल्लं. पहिली भाकरी मकसूदने संपवली, दुसरीही संपवली. मग पंचाने तोंड पुसून त्याने ताट पुढे केलं आणि म्हणाला, "काकू, आजून एक वाढा."